पुष्पदेवतेचा दरबार

अंगणांतला प्राजक्त आमच्या थोरल्या चिरंजीवानें लावलेला. तो एकोणिसाव्या वर्षीं विषमज्वरानें गेला. त्यास आतां पंचवीस वर्षें झालीं. तेव्हांपासून घरांत त्याचें नांव कोणी काढीत नाहीं. हा नियम आम्हींच घातला.

गेल्या महिन्यांत पुतण्यानें युरोपीय चित्रांचा एक संग्रह आणला. त्यांत निकोला पूसँ ह्या फ्रेंच चित्रकारानें रोम येथें १६३१ सालीं काढलेलें ‘फ्लोराचें साम्राज्य’ हें चित्र पाहिलें. मूळ चित्र जर्मनींत ड्रेस्डेन येथें आहे. फ्लोरा ही रोमन लोकांची पुष्पदेवता. मध्यभागीं ती नाचत नाचत फुलें उधळीत आहे. भोंवतालीं जमलेली मंडळी मात्र ओव्हिड कवीच्या कथांतली, मरून फूल झालेली! अजॅक्स आपल्याच तलवारीवर देह टाकीत आहे. हायॅसिंथस डोक्याच्या जखमेस एक हात लावून दुसऱ्या हातांतलीं फुलें पाहत आहे. रानडुकरानें फाडलेला अडोनिस वस्त्र बाजूस सारून घाव न्याहाळीत आहे. नार्सिसस पाण्यांतल्या स्वतःच्या रूपांत गढलेला आहे.

क्लायटीपाशीं आम्ही थबकलों. सूर्यानें अव्हेरलेली ही अप्सरा झुरून फूल झाली, तरी तोंड त्याच्याचकडे फिरवीत राहिली. (हें फूल म्हणजे आपलें सूर्यफूल नव्हे. तें अमेरिकेंतलें, ओव्हिडला तें ठाऊक असणें शक्य नाहीं. मास्तरकीची खोड जात नाहीं!) आमच्या पारिजातकाच्या कथेंतली राजकन्याही सूर्यानेंच टाकलेली, पण ती मानी. तिच्या राखेंतून उगवलेलें झाड सूर्याचें तोंड दिसण्यापूर्वींच फुलें ढाळून मोकळें होतें.

नवल हें, कीं एवढ्या घायाळांत कोणी आक्रोश करीत नाहीं. डोकें फुटलेला पोरगा आणि नाचणारी देवी एकाच उन्हांत उभीं! आम्हांस हें निर्दय वाटलें. अश्रूंवांचून करुण रस कसला, असें आम्हीं पुतण्यास ऐकविलेंही.

कुटुंबानें चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिलें. मग म्हणालें, “अहो, तिनें ह्या सगळ्यांना आपल्या घरांत ठेवून घेतलें आहे.” आणि उठून स्वयंपाकघरांत निघून गेलें.

दुसऱ्या दिवशीं पहाटे परडी घेऊन आम्हीच अंगणांत गेलों. धाकटा नातू मागोमाग आला. फुलें वेंचतां वेंचतां त्यानें विचारलें, “आजोबा, हें झाड कोणीं लावलें?”

आम्हीं नांव सांगितलें.