हसू कुणाला, कशाचे?

रडताना माणसे बहुतेक सारखीच दिसतात. हसण्यात मात्र ती वेगळी होतात. एकाच खोलीत, एकाच टीव्हीसमोर बसलेल्या पाचजणांपैकी दोघे पोट धरून हसतात, एकाचे नुसते ओठ हलतात, चौथ्याला राग येतो आणि पाचवा म्हशीला वैरण टाकायला उठून जातो. आमच्या घरी हे मी पुष्कळदा पाहिले आहे. त्याला निमित्त झाली ती 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका.

ही मालिका २००१ मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावर ती बेतलेली होती. दिग्दर्शन केदार शिंदे यांचे, आणि आबा टिपरे रंगवले स्वतः प्रभावळकरांनी. सत्तरच्या दशकात दूरदर्शनवर चि. वि. जोश्यांचा चिमणराव साकारणारे तेच हे नट. शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या आणि आबा, अशा तीन पिढ्या एका घरात. रोजचीच बारीकसारीक प्रकरणे. आणि आबांची रोजनिशी. कुणी धडपडत नाही, कुणी किंचाळत नाही. विनोद येतो तो हळूच, चहाच्या कपाबरोबर आल्यासारखा.

तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण बारामतीला नोकरी करणाऱ्या माझ्या आत्याने मालिकेचे जुने भाग मोबाइलवर शोधून काढले आणि सुट्टीत आली की ते टीव्हीवर लावून दाखवू लागली. त्याबरोबर आमच्या घरात दोन पक्ष पडले.

वडिलांचा पक्ष विरोधी. "ह्यात विनोद कुठंय? सगळं घरातल्यासारखंच तर चाललंय," ते म्हणाले.

"दादा, तोच तर विनोद आहे!" आत्या म्हणाली.

वडिलांना आवडते ती 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. सोनी मराठीवर २०१८ पासून आलेला हा कार्यक्रम. प्रहसन लिहिलेले असते खरे. पण समीर चौघुले मध्येच काहीतरी असे करतात की समोरच्या नटालाच हसू आवरत नाही. तो तोंड फिरवून हसतो, आणि नेमके तेव्हा वडील मांडीवर थाप मारतात. ऊस तुटायची वाट बघून, कारखान्यावर खेपा घालून आलेल्या माणसाला आणखी बारकाईने बघायला सांगू नये, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल?

भिगवण ते बारामती एस. टी.च्या प्रवासात हा वाद मी मैत्रिणींपुढे काढला, तर तिथेही तीच गत. एकीने तर निकालच देऊन टाकला : "हळू विनोद पुण्या-मुंबईचा. आपल्याकडं मोठ्यानं हसायची रीत आहे. तमाशाची माणसं आपण!"

हा निकाल मला पटला नाही. पण त्याला उत्तर मिळाले ते कॉलेजच्या ग्रंथालयात नव्हे, तर आमच्या आजोबांकडे.

आजोबांचे जुने गाव आता उजनीच्या पाण्यात आहे. धरण पुरे झाले १९८० मध्ये. त्याआधीच गावे उठली. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक गाड्या करून बघायला जातात. आजोबा जात नाहीत. पण त्या गावच्या जत्रेतला तमाशा त्यांना जसाच्या तसा आठवतो. गण झाला, गवळण झाली, मग बतावणी आणि शेवटी रात्र सरेपर्यंत वग. वगाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. बोलणी मात्र पुष्कळशी तिथल्या तिथे रचलेली. सोंगाड्या दुपारीच गावात फिरून कुणाचे बांधावरून भांडण आहे, कुणाची सोयरीक मोडली, ते काढून घ्यायचा आणि रात्री राजदरबारात ते सगळे आणून ओतायचा.

"मग तो ओरडून बोलायचा का?" मी विचारले.

"आरडायचा की! मागच्या माणसाला ऐकू कसं जावं?" आजोबा म्हणाले. "पण खरा हसू यायचं ते तो गप झाल्यावर. पाटलाकडं नुसता बघत उभा ऱ्हायचा. हालायचा न्हाई. समदी जत्रा लोळायची."

म्हणजे मोठा आवाज हा गावाचा स्वभाव नव्हता, ती अंतराची गरज होती. कनातीतल्या शेवटच्या माणसाला भुवई दिसत नाही, म्हणून हातवारे लागतात. टीव्हीचा कॅमेरा भुवईपाशी जातो, म्हणून प्रभावळकरांना नुसते बघून भागते. आणि गप्प राहण्याची किंमत सोंगाड्यालाही ठाऊक होती. शहर-खेडे असा विनोदाचा वाटा घालता येत नाही, एवढे मला कळले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. 'टिपरे' बघताना आजोबा कधी हसले नाहीत. तरी आत्या आली की म्हणायचे, "लाव की त्ये म्हाताऱ्याचं." ते कुठल्या पक्षाचे, हे कुणाला सांगता येईना. एकदा आबा रोजनिशी लिहीत बसलेले पाहून त्यांनी विचारले, "काय लिवतोय त्यो?"

"दिवसभराचं, आजोबा. घरात काय झालं, कोण काय बोललं."

"मग बरं हाय त्याचं," आजोबा म्हणाले. "त्याला लिवाय येतं."

कुणीच हसले नाही. वडिलांनी आवाज कमी केला. आजोबा सहीपुरते शिकलेले. जुन्या घराला किती खण होते, दारात काय होते, हे ते सांगू लागले की आम्ही 'ऐकलंय' म्हणून उठतो. आम्ही ज्या मालिकेला संथ म्हणून नावे ठेवत होतो किंवा तरल म्हणून डोक्यावर घेत होतो, ती त्यांनी विनोद म्हणून पाहिलीच नव्हती. ज्याचे बोलणे कागदावर तरी उतरते अशा एका म्हाताऱ्याची गोष्ट म्हणून ते ती पाहत होते.

आता एक दोनशे पानी वही मी त्यांच्यासाठी केली आहे. संध्याकाळी ते सांगतात, मी लिहिते. कधी जुन्या गावाची चार पाने होतात, तर कधी एकच ओळ : "आज काय न्हाई. ऊन हुतं." ही ओळ मी वाचून दाखवली तेव्हा आत्या हसली, आणि आश्चर्य म्हणजे वडीलही हसले. आजोबांनी मात्र सोंगाड्यासारखे दोघांकडे नुसते पाहिले.

मालिकेवरचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटावा असे मला वाटतही नाही. वडिलांची हास्यजत्रा चालूच आहे आणि आत्याचे टिपरेही. फक्त एखाद्या विनोदावर कुणी हसले नाही, तर त्याला तो कळला नाही असे मी आता चटकन म्हणत नाही. तो माणूस काय बघतो आहे, ते आधी विचारते.