ब्रेमारचा जादा मुक्काम

या हकिगतीतला 'तो' म्हणजे मीच. पण त्या दिवशी उजवा पाय इतका परका झाला होता, की आजही 'मी' म्हणायला जीभ वळत नाही. तेव्हा त्याच्याबद्दलच सांगतो.

मे महिना. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या शील ब्रिजहून निघालेला तो दहाव्या संध्याकाळी ब्रेमार गावात लंगडत शिरला. टीजीओ चॅलेंज नावाची ही चाल हॅमिश ब्राउन या जुन्या डोंगरभटक्याच्या कल्पनेतून 1980 साली सुरू झाली. पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत, स्वतः आखलेल्या वाटेने, सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन, जास्तीत जास्त 15 दिवसांत पोचायचं. शर्यत नाही, नंबर नाहीत. साठी-सत्तरीची माणसं वर्षानुवर्षं येतात आणि वाटेत भेटलं की आधी चहाला बसतात. घाई असते ती नवख्यांना.

लॉख नेस ओलांडलं तोवर सगळं ठीक होतं. घात केला लारिग ग्रूने. केर्नगॉर्म पर्वतातली ही खिंड साधारण 835 मीटरवर आहे आणि माथ्यावर नुसता धोंड्यांचा खच. पाय मुरगळू नये म्हणून त्याने बुटाच्या नाड्या करकचून आवळल्या आणि तशाच ठेवून उतार उतरला. घोट्याच्या वर, नडगीच्या पुढच्या अंगाला सूज आली. तिथे बोट ठेवून पाऊल हलवलं, की आत जुन्या बिजागरीसारखी करकर बोटाला जाणवायची. स्नायूबंधाच्या आवरणाला सूज आली की असं होतं. त्यावर तेल नाही, मलम नाही, थांबायचं.

थांबायचं म्हणजे किती, हा हिशेब त्याने हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात नूडल्स उकळताना मांडला. पूर्व किनाऱ्यावरच्या माँट्रोझचा समुद्र अजून 90 किलोमीटरच्या आसपास. एक दिवस बसून काढला तर उरतात चार, म्हणजे रोज बावीस-तेवीस किलोमीटर आणि चुकायला जागा शून्य. दहा दिवसांत कमावलेली सगळी शिल्लक एका दिवसात फुंकायची! समोर बटाटे सोलणाऱ्या सत्तरीच्या बाईंनी त्याच्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या चाललास तर परवा बसने जाशील." पुन्हा बटाटे सोलू लागल्या.

रात्री आईचा फोन. "अरे, वारीतसुद्धा सासवडला दोन मुक्काम असतात."

"आई, सासवड सुरुवातीला येतं. मी माळशिरसला पोचलोय."

"मग माळशिरसला कर."

अकरावा दिवस उजाडला तो पावसातच. विश्रांतीचा दिवस म्हणजे लोळणं, ही समजूत पहिल्या तासात गळून पडली. मोजे धुतले. तंबू ड्रायिंग रूममध्ये पसरला. तिथे आधीच वीसेक जोड बूट टांगलेले, वास असा की दार उघडणारा आपोआप एक पाऊल मागे सरके. टाचेवरचे फोड साफ करून उघडे ठेवले. गॅसचा डबा हलवून अंदाज घेतला. मग पिशवीतलं दलिया, चीज, चॉकलेट चार ढिगांत मांडलं. बाराव्या दिवसाच्या ढिगातलं चॉकलेट त्याने दुपारपर्यंत खाल्लं होतं, हेही नोंदवायला हवं.

काम संपल्यावर खरा त्रास सुरू झाला. खिडकीबाहेरून ओळखीच्या सॅका पूर्वेकडे जाताना दिसत होत्या. शील ब्रिजपासून पुढे-मागे चालणारा एकजण हात करून गेला. ॲबर्डीनची बस ठरल्या वेळी येई, दार उघडे, थांबे, जाई. दुपारच्या बसमध्ये गुडघ्याला पट्टा बांधलेला एक माणूस चढला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी पाऊस ओसरला तसा तो चपलांवर, अगदी सावकाश, गावात गेला. क्लूनी नदी गावाच्या मधोमध खळाळत डी नदीला मिळायला जाते. तिच्या बर्फगार पाण्यात त्याने नडगी मोजून दहा मिनिटं बुडवली. ब्रेमारमध्येच −27.2 अंशांचा ब्रिटनमधला नीचांक दोनदा नोंदला गेलाय, 1895 आणि 1982 साली. मे महिन्यातलं पाणी ती ख्याती सांभाळून होतं.

परतताना एका घराच्या भिंतीवर पाटी दिसली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन 1881 च्या उन्हाळ्यात या घरात राहिला होता. पावसाने कोंडून घातलेल्या त्या दिवसांत त्याने सावत्र मुलासोबत एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' निघालं. पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणं झाली आणि मग गाडी अडली. उरलेलं पुस्तक त्याने त्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये, डाव्होसला पुरं केलं. पाटीसमोर उभ्या असलेल्या लंगड्याला यातल्या पंधरा या आकड्याचंच फार बरं वाटलं.

बाराव्या सकाळी सूज निम्मी होती, करकर होतीच. त्याने उजव्या बुटाची नाडी वरच्या दोन आकड्यांतून काढून टाकली, सॅक चढवली आणि कॅलेटर तळ्याच्या वाटेला लागला. पहिल्या मैलात पायाने बराच निषेध नोंदवला. दुसऱ्यात आवाज उतरला. धुतलेले, वाळलेले, घडी घातलेले मोजे मात्र तळं मागे टाकताच आलेल्या पहिल्या दलदलीत गेले.