महाडचं देणं

डॉ. हिंमतराव बावस्करांना मी कधी भेटले नाही. तरीही मोखाड्याच्या नोकरीत तुम्हाला सर्वांत जास्त कुणी शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी त्यांचंच नाव घेते. त्यांच्यापाठोपाठ आमच्या सिस्टरांचं. बावस्करांच्या विंचूदंशावरच्या लेखाची झेरॉक्स सिस्टरांनी औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली होती.

एकाएकी भडकलेल्या रक्तदाबाचे रुग्ण मेडिकल कॉलेजात बहुतेक वयस्कर असत. इथे पाच-सात वर्षांचं पोरही असे. कारवीच्या कुडाच्या घरात जमिनीवर झोपलेलं, नाहीतर पेंढ्यात हात घातलेलं. लाल विंचवाच्या विषाने शरीरातली ॲड्रेनॅलिनसारखी रसायनं एकदम रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. त्या दाबाविरुद्ध पंप करता करता हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरू लागतं.

बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा या दंशाने माणसं डोळ्यांदेखत जात होती. ते रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसले आणि दिसलं ते टिपत गेले. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची साधी गोळी इथे उपयोगी पडते, हे त्यांनी 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. एके काळी तीव्र लक्षणं झालेल्या शंभरातले तीस-चाळीस दगावत, तिथे मृत्यू एका टक्क्याच्या आसपास आले. पुढे प्राझोसिनच्या जोडीला हाफकिनचं प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांनी 2011 साली ‘बीएमजे’मध्ये दाखवलं. डॉ. प्रमोदिनी बावस्कर या साऱ्या कामात बरोबरीने होत्या. हे सगळं तालुक्याच्या गावात घडलं, याचा मला आजही आधार वाटतो.

त्या झेरॉक्समधून मी सर्वांत आधी शिकले ती गोष्ट कुठल्याही यंत्राविना कळणारी होती. वेदनेने आकांत करणाऱ्या मुलाला बहुधा धोका कमी असतो. जे दुखण्याची फारशी तक्रार करत नाही, पण घामाने निथळतंय, ओकतंय, ज्याचे हातपाय गार आहेत, त्याच्याकडे आधी धावायचं. मुलग्याच्या लिंगाला ताठरता आली असेल तर तीही विष भिनल्याची खूण.

एका रात्री एक बाप असंच पोर खांद्यावर घेऊन आला. भगताकडे जाऊन आला होता. “बाय, आधी लय वरडत होतं, आता गप झालंय,” म्हणाला. त्याच्या स्वरात थोडा दिलासा होता. सिस्टरांनी मुलाच्या तळव्याला हात लावला आणि मला काही न विचारता रक्तदाब मोजायचा लहान मुलांचा कफ काढला. दाब त्या वयाला न शोभणारा होता. वजनाच्या किलोमागे तीस मायक्रोग्रॅम, या हिशेबाने गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवून पाजला. घाम थांबवायला ॲट्रोपिन द्यायचं नाही, त्याने हृदयाचे हाल वाढतात, हेही त्या कागदावर होतंच.

खरी कसोटी त्यानंतरची. प्राझोसिननंतर मूल उभं धरलं तर दाब झपकन उतरतो. आणि आईचा हात तर पोराला कडेवर घ्यायलाच शिवशिवतो. सिस्टर तिला म्हणाल्या, “तू पण झोप त्याच्या शेजारी. कुशीत घे, पण उचलू नको.” दोघांवर एकच चादर घातली. दर तीन तासांनी पुढची मात्रा, हातपाय ऊबदार होईपर्यंत. जव्हारच्या कुटीर रुग्णालयात पाठवायची तयारी ठेवली होती. पहाटे पोराचे तळवे गरम झाले आणि अंगठा दुखतो म्हणून ते रडायला लागलं. त्या रडण्याने आम्हा दोघींना केवढा आनंद झाला!

बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली, तोवर सिस्टर निवृत्त झाल्या होत्या. मी फोन केला, तर त्यांनी आधी विचारलं, “कपाटातला कागद नवा लावला का? जुना पिवळा पडला होता.” लावला होता. बाँडवर येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरला मी पहिल्याच दिवशी तो वाचायला लावते आणि मुलांचा कफ कुठल्या खणात आहे ते दाखवते.