मंद वायपर

गेल्या आषाढात कसारा घाट चढताना आमच्या भाड्याच्या पिकअपचे वायपर मंदावले. मागे ताडपत्रीखाली एका निवृत्त सहकाऱ्यांचा ग्रंथसंग्रह होता, समोर धुके. वायपरची फेरी संपेपर्यंत रस्ता दिसेनासा होई. इगतपुरीला गाडी थांबवली. ‘मोटार गेली असणार,’ आम्ही ठामपणे म्हणालो. ‘सर, आधी बघू तरी द्या,’ मेस्त्री म्हणाला.

त्याने हेडलाइट लावून पाहिले. प्रकाश मंद नव्हता. मोटारीपर्यंत १२ व्होल्टहून अधिक दाब पोहोचत होता, अर्थिंगही पक्के होते. शेवटी त्याने मोटारीपासून दांड्यांची जोडणी सोडवली. मोकळी मोटार झपाट्याने फिरू लागली! सांध्यांतले ग्रीस वाळले होते, आस गंजले होते. ती बिचारी तेवढे ओझे ओढत होती.

अमेरिकेत १९०३ मध्ये मेरी अँडरसन यांनी पेटंट घेतलेला वायपर आतून हाताने चालवायचा होता. सांधा जड झाला तर तो हातालाच जाणवला असता. मोटार आली आणि ती जाणीव गेली.

नाशिकला पोहोचेपर्यंत आम्हांला पेठ तालुक्यातली, कोकणा बोलीच्या घरातली एक विद्यार्थिनी आठवत राहिली. वर्गात ती अडखळत वाचते म्हणून ‘आकलन कमी’ असा शेरा आम्हीच दिला होता. दुसऱ्या दिवशी तोच उतारा तिला तिच्या बोलीत सांगायला सांगितला. ती कुठेही अडखळली नाही. शेरा आम्ही खोडला.