पावती कोणाच्या नावानं?

रांजणगावचा महागणपती म्हणजे आम्हां पुणेकरांना अगदी हाताशी. नगर रस्त्यानं जेमतेम ५० किलोमीटर. वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, शिक्रापूर अशी ओळखीची नावं मागं टाकत गेलं की दीड-दोन तासांत देऊळ येतं. एका दिवसात जाऊन संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी परतता येतं. त्यामुळं अष्टविनायकांतल्या या गणपतीला मी किती वेळा गेले असेन, मोजलेलं नाही. पण गेल्या १६ डिसेंबरला सासूबाईंबरोबर गेले, ते जाणं वेगळं होतं.

१६ डिसेंबर ही आमच्या घरात सणासारखी तारीख. १९७१ साली याच दिवशी ढाक्याला पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली आणि लढाई संपली. मामंजी तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते, पूर्वेच्या आघाडीवर. सासूबाईंच्या लग्नाला तीन वर्षं झालेली, कडेवर माझी नणंद. शिरूरजवळच्या खेड्यात त्या दिवसांत सायकलवरून तारवाला येताना दिसला की दळणाऱ्या बायकांचे हात जात्यावरच थांबायचे. तो कोणाच्या दारात उतरतो हे कळेपर्यंत कोणी खुंटा फिरवायचं नाही. सासूबाईंनी रांजणगावच्या गणपतीला तेव्हा बोलून ठेवलं होतं की माणूस धड परत आला तर दर साली याच तारखेला पायांशी येईन. मामंजी आले. नवस फिटला तरी जाणं सुटलं नाही. दर साली माझे यजमान त्यांना घेऊन जात. या खेपेला त्यांना रजा नव्हती, म्हणून मी निघाले.

एस.टी.नं गेलो. गाडी घरची असती तर लवकर पोचलो असतो, पण आता ७५ वर्षांपुढच्यांना एस.टी.त तिकीट नाही आणि आम्हां बायकांना अर्धं. सासूबाईंना त्या फुकट प्रवासाचा भारी अभिमान. कंडक्टरनं न विचारताच ओळखपत्र पुढं केलं! मैत्रिणींनो, जाणार असाल तर सकाळची पहिली-दुसरी गाडी धरा. चतुर्थी, मंगळवार आणि रविवार टाळा. पाण्याची बाटली आणि दशम्या जवळ ठेवा. रस्ता कारखान्यांच्या मालमोटारींनी भरलेला असतो. रांजणगावला औद्योगिक वसाहत आली तेव्हापासून गावाचं रूपच पालटलं आहे. शिक्रापूरला अडकलात तर तासाची निश्चिती!

देवळात मात्र शांत वाटतं. पूर्वाभिमुख देऊळ, मांडी घालून कमळावर बसलेला गणपती, दोन्ही बाजूंना ऋद्धि-सिद्धि. इथली कथा ठाऊक असेलच. त्रिपुरासुराशी लढायला निघालेले शंकर आधी गणपतीची पूजा करायला विसरले आणि त्यांना जय मिळेना. मग नारदांच्या सांगण्यावरून इथं पूजा केली, तेव्हा त्रिपुरासुर पडला. म्हणजे हा देव मूळचा लढाईवर निघालेल्यांचा. मी हे सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "हो, शंकराचं सगळे सांगतात. मागं घरात पार्वतीचं काय झालं ते कोण सांगतंय?"

दर्शन झालं. सासूबाई दर वर्षी अन्नदानाला काही रक्कम देतात. खिडकीतल्या मुलानं पावतीपुस्तक पुढं ओढलं आणि विचारलं, "पावती कोणाच्या नावानं?"

सासूबाईंनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. दर वर्षी हा भाग माझे यजमान उरकत, त्यामुळं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी पर्समध्ये सुटे शोधत होते. सासूबाईंनी पदर सावरला, ताठ उभ्या राहिल्या आणि एका दमात एक लांबलचक नंबर सांगितला. पुढं "शिपाई", पुढं कंपनी, पलटण आणि शेवटी "छप्पन ए.पी.ओ."

मुलगा बघतच राहिला. "आजी, नाव सांगा, नाव. फोन नंबर नको."

मला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले. मनिऑर्डर यायची त्यावर हाच नंबर. निळ्या अंतर्देशीय पत्रावर पत्ता घालायचा तो हाच. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या बाईनं नवऱ्याला लिहिलेल्या प्रत्येक पत्रावर नावाआधी हा नंबर गिरवला. नाव उच्चारायचं नाही अशी रीत, पण नंबराला कोणती रीत आडवी येणार? पन्नास वर्षांनंतरही एक आकडा चुकला नाही. मी पुढं होऊन मामंजींचं नाव सांगितलं. "कैलासवासी लिहू ना, स्मरणार्थ?" मुलानं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "लिही. पण त्याआधी हवालदार लिही."

मामंजी हवालदार होऊन निवृत्त झाले आणि मग पुण्यात एका बँकेच्या दारात वॉचमन म्हणून उभे राहिले. हे कितीतरी घरांतलं चित्र आहे. दाराशी बंदूक घेऊन स्टुलावर बसलेल्या माणसाच्या ट्रंकेत पूर्वी स्टार नि संग्राम मेडल आहे, हे आत चेक वटवायला जाणाऱ्याला कुठून कळावं? पंधरा ऑगस्टला ते पदकं लावून सोसायटीच्या झेंड्याला येत. पोरंटोरं "आजोबा, हे कुठं विकत मिळतं?" असं विचारायची. त्यांना राग यायचा नाही. लढाईबद्दल ते फारसं बोलतही नसत.

ते गेले आणि मग आम्हाला नावाचा खरा इंगा कळला. सासूबाईंचं माहेरचं नाव एक, लग्नात तांदळावर अंगठीनं लिहिलेलं सासरचं नाव दुसरं. मामंजींच्या लष्करी कागदांत भरतीनंतर कोणीतरी माहेरचं नाव घातलेलं, रेशनकार्डावर आणि बँकेत सासरचं. कुटुंबपेन्शनसाठी एका कचेरीत गेलो तर तिथल्या माणसानं कागदांवरून नजर न उचलता विचारलं, "यातली बायको कोणती?" सासूबाई समोरच्या बाकावर बसलेल्या होत्या! त्यानंतर प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा दाखला, पुन्हा हेलपाटे. वर्ष उलटलं त्यात. म्हणून सांगते, तुमच्या घरात कोणी माजी सैनिक असतील तर आजच त्यांचं डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा कागद काढून बघा. बायकोचं नाव, जन्मतारीख बाकीच्या कागदांशी जुळते का? खातं दोघांच्या नावानं आहे का? माणूस हयात असताना दुरुस्ती सोपी जाते. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना तिथं मार्गदर्शन मिळतं. आणि ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला मुलं शाळेतून छोटे झेंडे आणतात ना, १९४९ पासून चालत आलेला तो निधी याच माणसांसाठी असतो. नुसतं "किती द्यायचे रे?" असं विचारून पोराच्या हातावर नाणं टेकवू नका. कशासाठी ते त्याला सांगा.

रांजणगावहून आम्ही शिरूरला नणंदेकडे जेवायला गेलो. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ताजा हुरडा. जेवताना गोष्ट निघाली ती शिरूरच्या सत्पुरुषाची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिरूरला, म्हणजे घोडनदीला, इंग्रजांची मोठी छावणी होती. १८०३ च्या असईच्या लढाईत लढलेला कर्नल वॉलेस १८०९ साली इथं वारला आणि इथंच पुरला गेला. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नोंद आहे की आसपासचे लोक त्याला सत्पुरुष मानत आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्याशी ठेवत. मराठ्यांविरुद्ध लढलेल्या गोऱ्या साहेबाला मराठी कुणबिणीनं नैवेद्य दाखवायचा! मला आधी हे विचित्रच वाटलं. सासूबाईंना नाही वाटलं. "आमच्या मारुतीच्या पारापाशी दगड होते त्यांना आम्ही तरी काय विचारून कुंकू लावत होतो?" त्या म्हणाल्या.

ते दगड म्हणजे वीरगळ. तुमच्याही गावी असतील, नीट बघा. खालच्या चौकटीत लढाई नि पडलेला वीर, त्यावरच्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर तो शंकराच्या पिंडीची पूजा करतो आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. त्याच्या शेजारी पुष्कळदा दुसरा दगड असतो, त्यावर कोपरात वाकलेला बांगड्या भरलेला हात. तो सतीचा. वीरगळावर बहुधा नाव नसतं, सतीच्या दगडावरही नसतं. नाव गेलं, शेंदूर राहिला. हा वीर कोणत्या राजाचा, कोणाच्या बाजूनं लढला, हे कुंकू लावणारीला ठाऊक नसतं आणि ती विचारतही नाही. सतीच्या त्या हाताकडे बघून मला नमस्कार करवत नाही, हेही खरं सांगते. वाटतं, बाई, तू जगायला हवी होतीस.

परतताना मी मुद्दाम पेरणे फाट्याला उतरायचं ठरवलं. कोरेगाव भीमाचा जयस्तंभ गाडीच्या खिडकीतून शंभरदा पाहिला होता, जवळून एकदाही नाही. शिवाय शिरूरहून इकडे येताना आपण त्याच शिपायांच्या दिशेनं येतो. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याच्या मदतीला शिरूरहून निघाली. सगळी मिळून ८३४ माणसं, पायदळातले शिपाई, घोडेस्वार आणि दोन तोफा. आजचा रस्ता तेव्हा नव्हता, पण रांजणगावच्या या पंचक्रोशीतूनच रात्रभर चालत ते सकाळी भीमेकाठी पोचले, तर समोर दुसऱ्या बाजीरावाची २८ हजारांची फौज. मग १ जानेवारीला दिवसभर कोरेगावच्या गल्ल्यांतून झुंज चालली. नदी डोळ्यांसमोर, आणि शिपायांना रात्र पडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. कंपनीकडची २७५ माणसं मेली, घायाळ झाली किंवा हरवली. पेशव्यांच्या बाजूनंही पुष्कळ पडले. पेशव्यांची फौज निघून गेली आणि स्टाँटन जखमींना घेऊन त्याच वाटेनं शिरूरला परत गेला.

पाण्याचं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणून तुझे मामंजी उशाशी तांब्या भरल्याशिवाय आडवे होत नसत. मी म्हणायची, रात्री उठून पीत तर नाही, भरता कशाला?"

स्तंभ काळ्या दगडाचा, उंच, साधा. इंग्रजांनी १८२१ साली आपल्या जयासाठी तो उभारायला घेतला, पण त्यावर इंग्रजीबरोबर मराठीतही मजकूर कोरला आणि शिपायांची नावंही. ४९ नावं. त्यांतली २२ शेवटी 'नाक' असलेली, म्हणजे महार शिपायांची. १६ मराठ्यांची, बाकी रजपूत, मुसलमान आणि ज्यूसुद्धा. नावं होती म्हणूनच पुढं ती वाचणारे आले. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथं आले. १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्यात हाच स्तंभ होता. आता दर १ जानेवारीला लाखो लोक इथं येतात, मुलंबाळं घेऊन, निळे झेंडे घेऊन. त्यांच्यासाठी ही कंपनीच्या जयाची आठवण नाही. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाचं नाव दगडावर आलं, त्याची आठवण आहे. ज्या पेशवाईत आपल्या सावलीचाही विटाळ मानला जाई, तिच्याशी आपले पूर्वज दिवसभर लढले याचा अभिमान आहे. त्याच गर्दीच्या दिवशी २०१८ साली इथं दगडफेक झाली, एका तरुण मुलाचा जीव गेला. मला राजकारणातलं फार कळत नाही. पण त्याच्याही आईनं दाराकडे डोळे लावले असतील, एवढं कळतं.

आम्ही गेलो तेव्हा माणसं तुरळक होती. एक बाई दोन मुलींना घेऊन आलेली, थोरलीला एकेक नाव मोठ्यानं वाचायला लावत होती. मुलगी जुन्या अक्षरांपाशी अडखळत होती, आई पदरानं चष्मा पुसून पुन्हा वर बघत होती. सासूबाई तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याही ऐकू लागल्या. सात-आठ नावं झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "हे पडलेले. आणि जे चालत परत शिरूरला गेले, त्यांची कुठं आहेत?"

मी म्हटलं, "त्यांची नाहीत, आई. धड परतले त्यांची दगडावर कोण लिहिणार?"

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "तरी पण."

त्या मुलींच्या आईनं विचारलं, "आजी, तुमचं कोणी होतं का लष्करात?" सासूबाईंनी हो म्हटलं आणि तिला पुन्हा तो नंबर सांगितला, पलटणीसकट. तिनं तो ऐकून घेतला आणि मुलींना म्हणाली, "आजीच्या पाया पडा." दोघी वाकल्या. सासूबाईंनी पिशवीतून रांजणगावचा पेढा काढून दोघींच्या हातावर ठेवला.

गाडीला उशीर झाला. फाट्यावर उसाचा रस प्यायलो. गाडीत बसल्यावर सासूबाईंनी अन्नदानाची पावती काढली, चष्मा लावून पुन्हा वाचली आणि माझ्याकडे दिली. "नाव झालं, हवालदार झालं. नंबराला जागाच नाही यांच्या पावतीत. मागच्या बाजूला लिही बघू."

गाडी खडखडत होती, अक्षर वाकडंतिकडं आलं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. लिहून झाल्यावर त्यांनी एकेक आकड्यावर बोट ठेवून तपासून पाहिलं, आणि पावतीची घडी करून ती डिस्चार्ज बुकाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. ती पिशवी त्या बरोबर घेऊनच आल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.