दहा जणांचा संघ

कोल्हापुरात थंडी पडू लागली, की पेठापेठांतून एकच विषय निघतो, तो म्हणजे फुटबॉल! राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला उदार आश्रय दिला. त्यामुळे या नगरीत तालमी नांदल्या आणि पुढे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे ऐकून परगावच्या माणसाला लाल मातीचा आखाडा आठवेल; कोल्हापूरच्या मुलाला मात्र छत्रपती शाहू स्टेडियमवर उसळणारा चेंडूच दिसतो.

अशाच एका पेठेत एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारी पेठ त्यांना आबा म्हणते. आपल्या तालमीचा सामना आबा सहसा चुकवीत नाहीत. दुपार कलली, की खिशात शेंगदाणे भरावेत, नातवाचे बोट धरावे आणि प्रेक्षागारातील ठरलेली पायरी गाठावी, हा त्यांचा नेम. परंतु स्टेडियमवरून परतताना त्यांची मुद्रा बहुधा खिन्न असते. संघ दुबळा असता, तर त्यांना इतके दुःख झाले नसते. त्यांच्या संघातील मुलांच्या पायांत जादू आहे. आणि तीच मुले हातचा सामना घालवून बसतात!

एका उपान्त्य सामन्यात असेच घडले. डाव्या बगलेवर खेळणाऱ्या एका तरुणाने तीन प्रतिस्पर्ध्यांना हुलकावणी देऊन सुरेख गोल केला. प्रेक्षक उभे राहिले. आबांनी तर टोपीच उडवली! त्यानंतर मात्र त्या तरुणाला आपल्याखेरीज कोणी दिसेना. गोलासमोर मोकळा उभा असलेला सोबती हात उंचावून चेंडू मागत होता. पण याने दिला नाही. चेंडू हिरावला गेला, तेव्हा तो पंचांशी हुज्जत घालू लागला आणि त्याला पिवळे कार्ड मिळाले. मध्यंतरानंतर त्याने रागाच्या भरात प्रतिस्पर्ध्याला मागून लाथ मारली. दुसरे पिवळे कार्ड आणि पाठोपाठ तांबडे! बाहेर काढलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घेता येत नाही. डावी बगल ओस पडली. त्याच वाटेने प्रतिस्पर्ध्यांनी दोन गोल चढवले.

परतताना आबांचा संताप अनावर झाला. “सकाळी सरावाला बोलवा, तर निम्मी पोरं अंथरुणात! खेळ आहे, पण वळण नाही!” ते म्हणाले. मग त्यांना २००६ सालची ती रात्र आठवली. विश्वचषकाचा अंतिम सामना बर्लिनमध्ये रंगला होता आणि इकडे पेठ जागी होती. फ्रान्सचा एकमेव गोल झिदानने केला; पण जादा वेळेत त्यानेच इटलीच्या खेळाडूच्या छातीवर डोके आपटले. त्याला मैदान सोडावे लागले आणि पेनल्टी किकांवर फ्रान्स हरला. “एवढा थोर खेळाडू, पण त्याचंही असं झालं!” आबा म्हणाले. मग याच कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची गोष्ट निघाली. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो देशाच्या संघात होता. आपल्या पोरांनी तिथवर का पोचू नये, हे आबांचे खरे शल्य.

नातू मुकाट्याने ऐकत होता. खासबाग मैदानाजवळ येताच तो म्हणाला, “पण आबा, ‘एकटाच जा, एकटाच जा’ म्हणून मगाशी तुम्हीच ओरडत होतासा की!”

आबा थबकले. पोराचे बोलणे खोटे नव्हते. पंचांना दूषणे देणाऱ्या गलक्यातही त्यांचा आवाज मिसळलेला होता. अशाच गलक्याचे पर्यवसान कधी दगडफेकीत होते आणि खेळ थांबतो, हे या शहराने पाहिले आहे. घर येईपर्यंत आबा काही बोलले नाहीत. खिशातले शेंगदाणे तसेच राहिले.

पुढे शिक्षा भोगून तो तरुण पुन्हा मैदानात उतरला. चेंडू पायाशी येताच त्याने सवयीने प्रेक्षकांकडे पाहिले. “एकटाच जा!” प्रेक्षागार गरजले. तो निघाला, दोघांना चकवले, तिसऱ्यापाशी अडखळला आणि चेंडू गमावून बसला. आबा गप्प होते. थोड्या वेळाने पुन्हा तशीच संधी आली. या वेळी त्याने क्षणभर थांबून चेंडू सोबत्याकडे सरकवला. सोबत्याचा फटका खांबावरून गेला. सारे प्रेक्षागार हळहळले. एकटे आबा तेवढे उभे राहून टाळ्या वाजवीत होते.

शेजारच्याने चमकून विचारले, “आबा, गोल कुठं झालाय? टाळ्या कशाच्या?”