देऊळगाव राजा टू मस्कत, व्हाया अजिंठा

'सेलिंग' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरी पँट, गॉगल आणि हातात शॅम्पेनचा ग्लास येतो. सॉरी, तसं काही नसतं. गेटवेसमोरच्या पाण्यात सेलिंग शिकणारी बरीचशी मंडळी तुमच्या-माझ्यासारखीच असतात. सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटरसमोर, शनिवारी सकाळी बोटीवर आणि सोमवारच्या मीटिंगला दोराने सोललेले तळवे टेबलाखाली लपवून. सीझन ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बोटी बाहेर काढून ठेवायच्या आणि उसासे टाकायचे.

त्यात मी देऊळगाव राजाची. जिल्हा बुलडाणा, जालन्याला लागून, जिजाऊंचं सिंदखेड राजा अगदी शेजारी. आमचं गाव बालाजीचं. दसऱ्याच्या सुमाराची यात्रा म्हणजे आमची दिवाळी त्याआधीच सुरू. समुद्र मात्र चारशे किलोमीटरवर. नळाला पाणी आलं की घरातली झाडून सगळी भांडी भरायची, अशा शिस्तीत मी वाढले. सेलिंग शिकतेय म्हटल्यावर बाबा म्हणाले, "इथं प्यायला पाणी नाही, अन् तू पाण्यावर खेळायला चालली?" यावर काय बोलणार?

पण आमची चौघांची टीम जमली ती याच खेळात. स्किपर, त्याची बायको (आमची वहिनी), एक पुणेकर आणि मी. छोट्या बोटीवर मैत्रीचा फंडा साधा असतो. वाऱ्याच्या थेट तोंडावर बोट जात नाही, तिरकं तिरकं, नागमोडी जावं लागतं. दर वळणाला एकजण सुकाणू फिरवतो, दुसरा दोर सोडतो, तिसरा तो पलीकडून खेचतो. एकाचा सेकंद चुकला की शीड फडफडतं आणि बोट जागच्या जागी ठप्प. ऑफिसातलं टीम-बिल्डिंग याच्यापुढे पोरखेळ वाटतं.

मग स्किपरला मस्कतला नोकरी लागली. तिथे त्याने एका ओमानी सहकाऱ्याबरोबर अर्ध्या-अर्ध्या भागीदारीत एक जुनी बोट घेतली. 'या रे' म्हणून दरवर्षी बोलावणं यायचं आणि दरवर्षी आमचं अप्रेझल, लग्नं, डेडलाइन. यंदा जानेवारीत त्याचा मेसेज आला: कॉन्ट्रॅक्ट संपतंय, पुढे वाढणार नाही. ओमानमध्ये जास्तीत जास्त नोकऱ्या स्थानिकांना द्यायचं धोरण १९८८पासून आहे. आपल्या देशात असतं तर आपणही त्याची बाजूच घेतली असती, पण मित्राची खुर्ची जाते तेव्हा धोरण फार जवळून दिसतं. पुढची नोकरी कॅनडात, हॅलिफॅक्सला. बोटीतला हिस्सा विकून झाला होता. एकच वीकेण्ड हातात होता.

मी आणि पुणेकर गुरुवारी रात्री विमानात बसलो. मुंबई-मस्कत तीन तासांच्या आत. समृद्धी महामार्ग पूर्ण होऊनही देऊळगाव राजाहून मुंबई गाठायला यापेक्षा जास्त वेळ लागतो! घड्याळ दीड तास मागे करायचं आणि खिशात रियाल ठेवायचे. एका रियालचे हजार बैसा. बैसा म्हणजे आपला पैसाच. १९७०पर्यंत इथे आपल्या रिझर्व्ह बँकेने छापलेला 'गल्फ रुपी' चालायचा, हे कळल्यावर मला उगाच घरच्यासारखं वाटलं.

ओमानचा वीकेण्ड शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी सकाळी जुन्या मस्कतला गेलो. बंदराच्या दोन्ही बाजूंना पोर्तुगीजांनी बांधलेले जलाली आणि मिरानी किल्ले, मध्ये सुलतानाचा राजवाडा. मला आवडले ते आजूबाजूचे खडक. इथे येऊन गेलेल्या जहाजांच्या खलाशांनी त्यावर आपापल्या जहाजांची नावं रंगवून ठेवली आहेत. आपल्याकडे किल्ल्यांवर बदाम काढून नावं लिहिणाऱ्यांचा मला संताप येतो, इथे मात्र चक्क वाचत उभी राहिले.

दुपारी मरीनातून निघालो. उजव्या हाताला तपकिरी, कोरडे ठक्क डोंगर, एक झाड नाही. उन्हाळ्यातलं बुलडाणा समुद्रात आणून ठेवलं तर असंच दिसेल. कंतबचा किनारा आला तसा स्किपर गाइडच्या थाटात सुरू झाला. 'ज्वेल ऑफ मस्कत' हे जहाज इथे बांधलं. नवव्या शतकातल्या एका बुडालेल्या जहाजाचा नमुना, फळ्या काथ्याने शिवलेल्या. २०१०मध्ये ते शिडांवर सिंगापूरला पोचलं. मग म्हणाला, "आणि तुमचं जहाज दोन आठवड्यांपूर्वीच येऊन गेलं."

आमचं? नौदलाची 'कौंडिण्य'. हीसुद्धा शिवलेली, इंजिन नाही, चौकोनी शिडं. गोव्यात बांधली, केरळच्या कारागिरांनी शिवली. मे २०२५मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली, २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघाली आणि १४ जानेवारी २०२६ला मस्कतला आली. अशा जहाजाचे जुने आराखडे कुठेच नव्हते. हाताशी होतं एक चित्र, पाचव्या शतकातलं, अजिंठ्याच्या भिंतीवरचं. त्यावरून रचना बेतली आणि आयआयटी मद्रासने तिच्या चाचण्या केल्या.

अजिंठा आमच्या गावाहून शंभरेक किलोमीटर. शाळेची सहल तिथेच जायची. पद्मपाणीसमोर गर्दी करून आम्ही बाहेर यायचो, डबे उघडायचो. दीड हजार वर्षांपूर्वी आमच्या त्या कोरड्या डोंगरात बसून कुणीतरी शिडाचं जहाज इतकं नीट रंगवलं, की त्यावरून खरं जहाज बांधता आलं. त्याने समुद्र पाहिला होता की येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून ऐकला होता? रात्रभर तेच डोक्यात होतं.

रात्री बंदर खैरानच्या खाडीत नांगर टाकला. आईने बांधून दिलेल्या खारोड्या, शेंगदाणे आणि ठेचा निघाला. वहिनी पुन्हा पुन्हा घेत होती, बोलत नव्हती. मस्कतमध्ये पाच वर्षं, मुलाची शाळा, गणपतीतल्या ओळखी, सगळं तीन आठवड्यांत आवरायचं. "नवीन गावाचं टेन्शन नाही गं," शेवटी ती म्हणाली, "पुन्हा नव्याने माणसं जोडायचा कंटाळा आलाय."

शनिवारी परतताना वारा नेमका समोरून. पाच वर्षांनी चौघं एका बोटीवर, पहिलं वळण कसं जमेल याची मला धाकधूक होती. स्किपरने हाक दिली. पुणेकराने दोर सोडला, मी पलीकडून खेचला, वहिनी डोकं वाकवून इकडची तिकडे झाली. शीड एकदाच फडफडलं आणि ताठ भरलं. कुणी काही बोललं नाही. मग अशी वीस-पंचवीस वळणं घेतली, त्यातली निम्मी तरी गरज नसताना.

मरीनात शीड उतरवून घडी घातली, गोधडीची घालतात तशी, दोघी दोन टोकांना. बाबांना फोन लावला, अजिंठ्याच्या जहाजाचं सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग, "कोणत्या लेणीत हाये ते चित्र?"

"दोन नंबरच्या, बाबा."

स्किपर बोटीची चावी नव्या मालकासाठी पाकिटात घालत होता. म्हणाला, हॅलिफॅक्सला पाणी थंडगार, सेलिंग साधारण जून ते सप्टेंबर.

"आपलं मेमध्ये बंद होतं," पुणेकर म्हणाला आणि फोनवर कॅनडाच्या व्हिसाची फी शोधायला लागला.